स्वतःच्या गोष्टीतून नृत्य-नाट्य घडवणाऱ्या रेसिडेन्सी: गोव्यातल्या कलाकारांना पडणारे प्रश्न

घरातली, गावातली किंवा स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट घेऊन नवं नाटक वा नृत्य उभं करायचं आहे आणि त्यासाठी रेसिडेन्सीत जायचं किंवा आपणच एक भरवायची आहे, अशांसाठी ही उत्तरं आहेत. क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. पण संमतीचं उत्तर गाळू नका.

रेसिडेन्सी म्हणजे मोठी कार्यशाळाच ना?

नाही. कार्यशाळेत कुणीतरी शिकवतं. रेसिडेन्सीत वेळ, तालमीची जागा, राहण्या-जेवण्याची सोय आणि मधूनमधून येऊन बघणारा एखादा जाणता माणूस मिळतो. बाकी सगळं तुम्ही करायचं. आपल्याकडे नाट्यस्पर्धेची सवय पक्की असते: संहिता हातात, दिग्दर्शक ठरलेला, नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी सात ते दहा तालीम. इथे पहिल्या दिवशी संहिताच नसते, आणि स्पर्धेत मुरलेल्या नटाला चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास वाटतं की आपण नुसता वेळ घालवतोय. तसं वाटलं तरी घाईने संवाद लिहायला बसू नका.

शेवटी पूर्ण प्रयोग दाखवायची सक्ती असेल तर तिला रेसिडेन्सी म्हणू नये. पाहुण्यांसमोर अर्धवट काम दाखवणं पुरेसं असतं.

किती दिवस लागतात?

एकल किंवा दोघातिघांच्या कामाला तीन आठवडे. आठवड्याला ६ दिवस आणि रोज ६ तास धरले तर १०८ तास होतात. त्यातले साधारण २० तास गोष्टी गोळा करण्यात आणि उतरवून काढण्यात जातात, ५० उभं राहून करून बघण्यात, २५ कापण्या-जोडण्यात आणि उरलेले १३ दिवे, ध्वनी आणि सादरीकरणात. एवढ्यातून १५ ते २० मिनिटांचं काम हाती लागतं. त्याहून जास्त निघालं तर बहुधा कापायचं राहिलेलं असतं.

सलग रजा मिळत नसेल तर दहा-दहा दिवसांचे दोन टप्पे करा आणि मध्ये महिना-दीड महिना जाऊ द्या. जे प्रसंग त्या काळात आपोआप विसरले जातात ते टाकून द्यायला मग जिवावर येत नाही.

गोव्यात वर्षाचा कोणता काळ बरा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, पण नाताळ-नवीन वर्षाच्या आसपास किनारपट्टीत घरभाडी परवडत नाहीत आणि संगीताचा गोंगाट असतो. त्याच काळात जत्रा सुरू झालेल्या असतात, म्हणजे गावातले हौशी नट तिथल्या नाटकांत अडकलेले. शिगम्याच्या आणि चवथीच्या दिवसांत कुणाला बोलावूच नका. चवथीला पाच दिवस घरात गणपती असताना आई-मावशी तुम्हाला मुलाखत देणार नाहीत. दिलीच तर चुलीवरचं लक्ष सोडून देणार नाहीत.

जून ते सप्टेंबर जागा स्वस्त मिळते आणि एकाग्रताही छान होते. अडचण दोनच गोष्टींची. कौलांवर पाऊस वाजू लागला की ध्वनिमुद्रण थांबतं, आणि वीज जाते. बॅटरीवरचे दिवे, इन्व्हर्टर आणि कोरडे कपडे ठेवायला एक बंद खोली असेल तर पावसाळ्यासारखा काळ नाही. डिचोली, सत्तरी, फोंडा भागात जागा घेणार असाल तर रात्री परत जायला बस नसते हे धरूनच तालमीची वेळ ठरवा.

अर्जात काय लिहायचं?

एक पान आणि तीन मिनिटांचा विनासंपादन व्हिडिओ. ‘स्त्रीच्या अस्मितेचा आणि स्मृतीचा शोध’ असं लिहिलेले अर्ज निवड समितीला एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. त्यापेक्षा ‘खाण बंद झाल्यावर वडिलांनी दारात उभा ठेवलेला ट्रक, ते रोज सकाळी त्याची काच पुसत’ असं लिहा. गोव्यातली खनिज वाहतूक २०१२ साली ठप्प झाली आणि २०१८ साली पुन्हा. या गोष्टी हजारो घरांत आहेत, पण काच पुसणारा हात एकाच घरातला आहे.

गोष्टीत आणखी कोण कोण आहे, त्यातल्या किती जणांशी बोलणं झालंय, हेही लिहा. ‘अजून कुणाशीच नाही’ हे उत्तर चालतं. लपवाछपवी मात्र चालत नाही.

तालमीला जुनं घर चालेल का?

बसून करायच्या कामाला चालेल, नाचायला सहसा नाही. शहाबादी लादी, मोझाइक, सिमेंट या सगळ्या जमिनी कडक असतात. त्यावर रोज सहा तास उड्या मारल्या की आठवड्यात नडगी दुखायला लागते. शेणाने सारवलेली जमीन पायाला मऊ लागते, पण गिरकीत पाय सटकतो आणि धूळ उडते. खेळघरातल्या फोमच्या चटया तर अजिबात नकोत. पाय रुततो आणि घोटा मुरगळतो.

सोपी तजवीज अशी: ८ बाय ४ फुटांचे १२ प्लायवूड, जाडी १८ मिमी. यातून २४ बाय १६ फुटांची जमीन होते. खाली फूट-फूट अंतरावर लाकडी रिपा आणि रिपांखाली रबराचे तुकडे. जोडांवर कापडी टेप लावा, खाकी टेप नको. ती तापली की चिकट डाग मागे ठेवते. पावसाळा असेल तर प्लायच्या कडांना आधी ऑइलपेंट मारा. कडा फुगली की अनवाणी पायाला पहिली ठेच तिथेच लागते.

राजांगण (घराच्या मधलं खांबांनी वेढलेलं अंगण) असलेलं घर मिळालं तर सादरीकरणाला सुंदर, पण खांबांमागे प्रेक्षक बसवू नका. आधी स्वतः प्रत्येक कोपऱ्यात मांडी घालून बसून बघा.

आजी-आजोबांचं बोलणं मुद्रित कसं करायचं?

पंखा बंद, फ्रिजपासून लांब, फोन विमान-मोडवर आणि उलट्या वाटीवर न ठेवता घडी केलेल्या पंचावर. एका बैठकीला ४० मिनिटं पुष्कळ झाली. सुरुवातीला दहा सेकंद कुणीही न बोलता खोलीचा आवाज घ्या. जोडकामात तो लागतो. त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी प्रत काढून ठेवा.

एक तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. त्यामुळे दहा तास मुद्रित केलंत तर तीन आठवड्यांतला एका आठवड्याहून जास्त वेळ टंकण्यात जाईल. तीन तासांवर थांबा. खोकला, ‘आं?’, मध्येच कुणाला तरी मारलेली हाक, हे सगळं उतरवा. ‘स्वच्छ’ केलेल्या लेखनातून नटाला श्वास सापडत नाही.

गोष्ट आहे, पण ती सांगून होते. तिचं नृत्य किंवा नाटक कसं होणार?

सगळ्यात जास्त वेळ इथेच जायला हवा. एक रीत देतो, हीच एक आहे असं नाही.

गोष्ट ३०० शब्दांत लिहा. मग भावना सांगणारे सगळे शब्द खोडा: दुःख, एकटेपणा, अभिमान, माया. उरलेल्यातून क्रियापदं वेगळी काढा आणि त्यातली सातच ठेवा. प्रत्येक क्रिया ३० सेकंद करून बघा, वस्तू हातात घेऊन. नंतर वस्तूशिवाय. नंतर तीच क्रिया बोटांएवढी लहान आणि अंगणाएवढी मोठी. या सगळ्याचा व्हिडिओ घ्या, पण त्या दिवशी बघू नका.

उदाहरणार्थ, आडोळीवर, म्हणजे खवणी लावलेल्या विळीवर, नारळ खवणारी आजी. एक गुडघा वर, दुसरा पाय दुमडून पाटावर, कारण अंगाच्या भारानेच आडोळी जागेवर राहते. दोन्ही तळव्यांत कवड, म्हणजे अर्धा नारळ. मनगटं फिरतात, कोपरं जवळजवळ हलत नाहीत. मान खाली. दारात कुणी आलं की हात न थांबवता फक्त नजर वर जाते. आता आडोळी काढून घ्या. अंगाचा भार जायला जागा राहत नाही, कंबर सरकते, नर्तकी तोल सावरायला लागते. हे सावरणं कुणी रचलेलं नाही. वस्तू गेली म्हणून ते आलं. आजी विधवा झाली तेव्हा घरात काय झालं, हे सांगायला चार वाक्यं लिहिली असतील तर इथे त्यातली तीन काढून बघा.

बहुतेक वेळा बिघडतं ते असं: नट वाक्य बोलतो आणि शरीर त्याच वाक्याचं चित्र काढतं. ‘ती खिडकीत उभी होती’ म्हणताना खिडकीत उभं राहणं. शब्द आणि हालचाल यांना वेगवेगळी कामं द्या. तोंडाने लग्नाच्या याद्या, हाताने खवणं. जुळवायला जाऊ नका. दहा वेळा केल्यावर कुठे ना कुठे ती दोन्ही एकमेकांना अडतात, आणि बहुधा प्रसंग तिथेच सुरू होतो.

दुसरी चूक म्हणजे सगळं आयुष्य कोंबणं. जन्म, शाळा, मुंबई, परतणं, वडिलांचं जाणं. वीस मिनिटांत एक दुपार पुरते.

घरी कोंकणी बोलतो, लिहितो मराठीत. काम कोणत्या भाषेत करायचं?

गोव्यातल्या मराठी रंगकर्मीला हा प्रश्न टळत नाही, आणि ‘प्रेक्षक मराठी आहे’ एवढ्यावर तो मिटत नाही. आठवण ज्या भाषेत घडली तिथे शरीराचा ताल वेगळा असतो. आई ‘मागीर पळोवया’ म्हणते तेव्हा ‘ळो’वर आवाज रेंगाळतो आणि विषय हळूच दाराबाहेर जातो. ‘नंतर बघू’ म्हटलं की ओठ मिटत येतात आणि विषय तिथेच बंद होतो. अर्थ तोच, नकारही तोच, पण ऐकणाऱ्या मुलीला उभं राहायला मिळणारा वेळ वेगळा.

आमचं मत असं की निवेदन मराठीत आणि माणसांचं बोलणं ज्याच्या-त्याच्या तोंडच्या भाषेत ठेवावं, भाषांतर न देता. कोल्हापूरच्या प्रेक्षकालाही प्रसंगावरून कळतं. न कळलेलं एखादं वाक्य त्याला परवडतं. पात्राच्या तोंडी पुस्तकी मराठी आल्याचं मात्र त्याला लगेच कळतं. आणि गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याची कोंकणी दक्षिण टोकाच्या काणकोणच्या आजीच्या तोंडी घालू नका. प्रेक्षागृहात काणकोणचं कुणीतरी असतंच.

गोष्ट माझी आहे. तरी घरच्यांना विचारायलाच हवं का?

हो. तुमच्या गोष्टीत आई असेल तर ती निम्मी तिचीही आहे. आणि गोवा लहान आहे: नाव बदललं तरी वाड्याचं नाव, देवळाचं नाव आणि ‘बँकेत होते’ एवढ्यावर लोक माणूस ओळखतात.

संमती एकदाच घेऊन भागत नाही. तीनदा घ्या: मुद्रणाआधी, पहिला कच्चा खर्डा दाखवून, आणि सादरीकरणाच्या आठवडाभर आधी. कागदावर चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: आवाज मुद्रित करू का, शब्द वापरू का, नाव घेऊ का, व्हिडिओ इंटरनेटवर टाकू का. पहिल्या तीनला हो म्हणणारी माणसं चौथ्याला बऱ्याचदा नाही म्हणतात, आणि ते त्यांचं बरोबर असतं. मागे घ्यायची शेवटची तारीखही लिहा. कागद मराठीत किंवा कोंकणीत असू द्या आणि वाचून दाखवा. ‘कर गो, कितें जाता’ अशी तोंडी परवानगी प्रेमाची असते, पण काका प्रयोगाला आल्यावर ती टिकत नाही.

देवळांशी जोडलेल्या कलावंत घराण्यांतल्या पणज्यांच्या गोष्टी, जात लपवल्याच्या गोष्टी, धर्मांतराच्या गोष्टी, यांत एकट्या व्यक्तीची संमती पुरत नाही. कुटुंबातल्या किमान दोन पिढ्यांशी बोला. नकार आला तर तो नकारच कामाचा विषय होऊ शकतो, पण नकार देणाऱ्याची ओळख पटेल अशा रीतीने नाही.

कायद्याने कुठे अडचण येते?

बदनामीची तरतूद भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३५६ मध्ये आहे. मृत व्यक्तीबद्दलचं विधानही कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेलं असेल तर त्यात येऊ शकतं, त्यामुळे ‘आजोबा गेले, आता काय’ हे खरं नाही.

लैंगिक अत्याचाराच्या गोष्टीत जास्त जपा. पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करणं त्याच न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. सज्ञान पीडितेची लेखी परवानगी असेल तर अपवाद. पोस्टर, पत्रिका, इन्स्टाग्राम सगळीकडे हे पाळा. आणि गोष्ट ऐकताना अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आयोजकांनी हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगावं, म्हणजे ‘इथलं इथेच राहील’ असं खोटं आश्वासन कुणी देणार नाही.

तालमीत रडू कोसळलं तर?

थांबा, पाणी प्या, चप्पल घालून बाहेर एक फेरी मारा. रडू येणं ही यशाची खूण नाही. दिग्दर्शकाने ‘हेच हवं होतं’ म्हटलं तर त्याला अडवा. जे सांगितल्यावर रात्रीची झोप जाते, जेवण जात नाही, तो प्रसंग या वर्षी घेऊ नका. रोज तालमीनंतर दहा मिनिटं कामाशी संबंध नसलेलं काहीतरी एकत्र करा: केर काढणं, भाजी चिरणं. मानसिक आधारासाठी टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो नंबर स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा.

धालो, जागर, फुगडी वापरता येईल?

फुगडी तुलनेने मोकळी आहे. धालो हा बायकांचा गाणी-नाचाचा विधी, तो पौषात मांडावर खेळतात. मांड ही पवित्र जागा आहे, तिथे पायताण घालून जात नाहीत. शेवटी खेळणाऱ्या बाईच्या अंगात येणारी रंभा हा तर परिणाम साधायचा ‘क्षण’ नव्हेच. तुमची आजी धालो खेळत असेल तर तिची थकलेली पावलं, ओळीत शेजारणीच्या कमरेवर टेकलेला हात, घरी परतताना गुणगुणलेली ओळ, एवढं तुमचं आहे. मांडावरचा विधी तुमचा नाही. पेरणी समाजाच्या जागर या विधिनाट्यातल्या लाकडी मुखवट्यांचंही तसंच.

विस्थापित गावांच्या गोष्टी घेताना हेच लक्षात असू द्या. साळावली धरणात बुडालेलं कुर्डी मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतं, आणि गावचे लोक सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. तिथे जाऊन नाचल्याचा व्हिडिओ देखणा होतो. पण त्या दिवशी ते लोक नवस-नारळ घेऊन आलेले असतात. आधी त्यांच्या पुनर्वसन वसाहतीत जाऊन बसा.

संगीत कोणतं वापरावं?

जिवंत वाजवता येईल तेवढंच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की शब्द मुक्त होतात, त्यामुळे किर्लोस्कर-देवलांची पदं स्वतः गायला हरकत नाही; पण त्या पदांच्या ध्वनिमुद्रिकेवर वेगळा हक्क असतो. चित्रपटगीताचा तुकडा रेसिडेन्सीत खपून जातो, व्हिडिओ चढवला की अडतो.

घुमट (मडक्याला कातडं ताणून केलेलं गोव्याचं तालवाद्य) घेणार असाल तर बकरीच्या कातड्याचं घ्या. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. प्रवेशाआधी ऊब देऊन ताणून घ्या.

सादरीकरणाला दिवे किती?

चार पुरतात. हजार वॅटचा हॅलोजन २३० व्होल्टवर सव्वाचार अँपियरहून थोडा जास्त घेतो, म्हणजे १५ अँपियरच्या एका जोडणीवर तीनच. चौथा लावला, किंवा कुणी चहाची किटली त्याच तारेवर चालू केली, की अंधार. एलईडी घेतलेत तर ही कटकट नाही, मात्र स्वस्त एलईडी मोबाइलच्या व्हिडिओत लुकलुकतात, आधी तपासा. उघड्यावर ध्वनिक्षेपक असेल तर रात्री दहाच्या आत संपवा.

पाहुण्यांकडून अभिप्राय कसा घ्यायचा?

‘कसं वाटलं?’ विचाराल तर ‘छान’ मिळेल किंवा भाषण. लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने बसवलेली चार पायऱ्यांची पद्धत उपयोगी पडते: प्रेक्षक आधी लक्षात राहिलेलं सांगतात, मग कलाकार प्रश्न विचारतो, मग प्रेक्षक मत न मिसळता प्रश्न विचारतात, आणि शेवटी कलाकाराची परवानगी घेऊन मत मांडतात. ‘हे खरंच घडलं का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला कलाकार बांधील नाही, हे सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावं. पंधरा-वीस माणसं बोलवा. त्यात निम्मे नातेवाईक नकोत.

कामावर हक्क कुणाचा?

लेखी करार नसेल तर भांडणाचा. प्रताधिकार कायदा, १९५७ नृत्यरचनेला नाट्यकृतीत धरतो, पण ती लिहून किंवा अन्य रीतीने कायम केलेली हवी. म्हणून शेवटच्या दिवशी एका जागी कॅमेरा ठेवून सलग, न कापता चित्रण करा आणि तारीख टाका. आयोजकांच्या करारात हक्क देण्याची मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले तर सही करण्याआधी खोडायला सांगा. ‘दस्तऐवजीकरणासाठी, तीन मिनिटांपर्यंत’ एवढंच पुरेसं आहे.

पैशाचं काय?

राहणं-जेवणं मोफत म्हणजे रेसिडेन्सी मोफत, असं नसतं. बुडालेला पगार, स्कूटरचं पेट्रोल, टंकलेखन आणि साथीदाराचं मानधन मोजा. गोव्यात कला आणि संस्कृती संचालनालयाचं कार्यालय पाटो, पणजी इथल्या संस्कृती भवनात आहे. चालू योजनांची चौकशी तिथे करा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ फेलोशिप दोन वर्षांच्या असतात, पण त्या संशोधनासाठी आहेत. तीन आठवड्यांच्या कामाला त्यांची वाट बघत बसू नये.

पुढे प्रयोग कुठे लावता येईल?

आठ फुटांवरून दिसलेली मनगटाची हालचाल फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात विसाव्या रांगेत पोचत नाही. लहान जागा आधी: कला अकादमीची ब्लॅक बॉक्स, शाळेचा वर्ग, कुणाचा तरी सोपा. रवींद्र भवनांच्या मोठ्या रंगमंचावर नेणार असाल तर प्रेक्षकांना रंगमंचावरच बसवता येईल का ते विचारून बघा.

जत्रेच्या मंचावर संगीत नाटक बघायला आलेल्यांसमोर रात्री बाराला एकल आत्मकथन लावलं तर लोक चणे-खाज्यांच्या दुकानाकडे वळतात, आणि त्यांची चूक नसते. नऊच्या आत, वीस मिनिटं, गावातल्या कुणीतरी दोन शब्द बोलून दिलं तर जमतं.

महाराष्ट्रात न्यायचं असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. जिथे शब्दच नाहीत तिथे हालचालीचं वर्णन लिहून जोडा आणि कोंकणी वाक्यांचा मराठी अर्थ समासात द्या. दोन महिने आधी पाठवा.